मांजर लादी चाटत नाही, पंजा चाटते

पत्र

आमच्या घरात दोन वर्षांची मांजर, अकरा वर्षांचा कुत्रा आणि माशांची एक मोठी टाकी आहे. फिनाईल बंद करून महिन्याभरापूर्वी मी 'नैसर्गिक, वनस्पतीजन्य, प्राण्यांसाठी सुरक्षित' असं लिहिलेला लादी पुसायचा द्रव आणला. तेव्हापासून लादी पुसली की संध्याकाळी मांजरीच्या तोंडातून लाळ गळते आणि ती खाणं अर्धवट सोडते. बाटलीवर बारीक अक्षरांत बेंझाल्कोनियम क्लोराइड, पाइन ऑइल, टी ट्री ऑइल आणि 'सुगंध' अशी नावं आहेत. कुत्रा अलीकडे दाराजवळच्या गालिच्यावर लघवी करू लागलाय. तिथे व्हिनेगर आणि खायचा सोडा घातला, नंतर ब्लीचही टाकून पाहिलं, तरी वास जात नाही. पर्यावरणाला आणि प्राण्यांना, दोन्हींना चालेल असं नेमकं काय घ्यावं? की सगळं घरीच बनवावं?

उत्तर

आधी मांजरीचं बघू. तो द्रव आजपासून बंद करा. लादी नुसत्या कोमट पाण्याने, मध्ये पाणी बदलून, दोनदा पुसून घ्या. मग मांजरीला उजेडात धरून तिची जीभ, हिरड्या आणि टाळू नीट बघा. जिभेच्या टोकाला किंवा कडेला लालसर, सोलल्यासारखा डाग दिसला, ती तोंडाला हात लावू देत नसली, अंग गरम लागलं किंवा दिवसभर तिने काहीच खाल्लं नाही, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. बाटलीही बरोबर न्या, नुसतं नाव सांगून भागत नाही. डाग दिसला नाही तरी महिनाभर लाळ गळतेय म्हटल्यावर एकदा दाखवून घेतलेलंच बरं. लाळ दातदुखीनेही गळते. बेंझाल्कोनियम क्लोराइडने तोंडात होणारे व्रण बरेचदा लगेच दिसत नाहीत, काही तासांनी उमटतात. सकाळी पुसलेल्या लादीची लाळ संध्याकाळी गळते, आणि या दोन गोष्टींचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या आला, हे फार बरं झालं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. बाटलीत काय आहे, यापेक्षा लादी वाळल्यावर तिच्यावर काय उरतं, हा प्रश्न प्राण्यांच्या घरात मोठा असतो. पाणी उडून जातं. साबण, जंतुनाशक आणि तेलाचा पातळ थर मागे राहतो. माणूस त्या थरावरून चपला घालून जातो. मांजर अनवाणी चालते, त्यावर लोळते आणि मग तासन् तास अंग चाटत बसते. पंजाच्या गादीला आणि बोटांमधल्या केसांना लागलेलं सगळं तिच्या पोटात जातं. कुत्रा पंजे कमी चाटतो, पण तो नाक जमिनीला लावून फिरतो, लादीवर सांडलेलं खातो आणि झाकण उघडं दिसलं तर कमोडमधलं पाणीही पितो. म्हणून वस्तू निवडताना तीन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात: घटक कोणते, ते किती पातळ केले आणि शेवटी साध्या पाण्याने पुसून काढले की नाही. तिसरी गोष्ट बहुतेक घरांत होतच नाही.

तुमच्या बाटलीतले घटक एकेक करून पाहू. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे क्वाटर्नरी अमोनियम गटातलं जंतुनाशक. ते लादीला चिकटून राहतं, आणि जंतुनाशक म्हणून हाच त्याचा गुण मानला जातो. पंजाला मात्र तोच बाधतो. पाइन ऑइल आणि टी ट्री ऑइल झाडांपासून येतात, म्हणून 'वनस्पतीजन्य' हा शब्द खोटा नाही. पण मांजरीच्या यकृतात फिनॉल आणि त्यासारखी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकणारं एक महत्त्वाचं एन्झाइम कामच करत नाही. त्याचं जनुक तिच्यात निष्क्रिय आहे. माणसाचं किंवा कुत्र्याचं शरीर जे काही तासांत बाहेर टाकतं, ते तिच्या अंगात रेंगाळतं. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून काढलेले फिनॉल आणि क्रेसॉल असतात, पांढऱ्यात बहुधा पाइन ऑइल असतं. म्हणजे फिनाईल सोडून तुम्ही जे आणलंत, त्यात फिनाईलचाच एक भाऊबंद होता. टी ट्री ऑइलने कुत्र्यांनाही त्रास होतो: पाय लटपटतात, अंग थरथरतं, सुस्ती येते. लवंग, दालचिनी, पुदिना, निलगिरी, विंटरग्रीन आणि संत्र्या-लिंबाच्या सालींची तेलंही मांजरीच्या घरात लादीवर नकोत, आणि वास पसरवणाऱ्या यंत्रात तर मुळीच नकोत. तिथून उडालेले तेलाचे सूक्ष्म थेंब केसांवर बसतात आणि पुन्हा जिभेवर येतात.

चौथा शब्द 'सुगंध'. त्या एका शब्दाखाली डझनावारी द्रव्यं असू शकतात, आणि ती उघड करणं सगळीकडे सक्तीचं नसतं. मांजर किंवा पक्षी असलेल्या घरासाठी आमचा सल्ला सरळ आहे: वास नसलेलं घ्या. स्वच्छ लादीला कसलाच वास नसतो.

आणखी एक प्रकार बाजारात दिसतो, 'लादीही पुसा, किडेही पळवा' म्हणणारा. त्यात पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन असं 'थ्रिन'ने संपणारं नाव दिसलं तर बाटली जागेवर ठेवून पुढे जा. कुत्र्याला चालणारी पर्मेथ्रिनची मात्रा मांजरीला झटके आणू शकते, आणि मासे तर त्याच्या थेंबांनीही मरतात.

मग बाटलीवर भरवसा ठेवायला काय बघायचं? 'प्राण्यांसाठी सुरक्षित', 'हिरवं', 'नैसर्गिक' हे शब्द नुसते शब्द आहेत. पानाचं चित्र कोणीही छापू शकतो. त्या मानाने तपासणी करून दिलेल्या पर्यावरण-चिन्हांना वजन आहे: जर्मनीचं ब्लू एंजल १९७८ पासून आहे, नॉर्डिक देशांचं हंसाचं चिन्ह १९८९ पासून, युरोपीय संघाचं फुलाचं चिन्ह १९९२ पासून, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं 'सेफर चॉइस' या नावाचं चिन्ह २०१५ पासून. ही चिन्हं देताना घटक पाण्यात किती विघटित होतात, जलचरांना किती घातक आहेत, कोणती द्रव्यं वर्ज्य आहेत हे पाहिलं जातं. म्हणजे सांडपाण्याचा अर्धा प्रश्न सुटतो. मांजरीच्या जिभेची परीक्षा मात्र यातलं कुठलंही चिन्ह घेत नाही, ती घटकांची यादी वाचून तुम्हालाच घ्यावी लागते. 'बायोडिग्रेडेबल' या शब्दालाही मोजमाप आहे. 'सहज विघटनशील' म्हणवून घेण्यासाठी ठरलेल्या चाचणीत २८ दिवसांत पदार्थाचा किमान ६० टक्के भाग (किंवा मोजायच्या पद्धतीनुसार ७० टक्के) जिवाणूंनी फस्त करावा लागतो. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिलं असेल आणि मुदत दिली नसेल, तर त्याला अर्थ नाही. अखेर सगळंच कधी ना कधी विघटित होतं.

उत्पादकाच्या संकेतस्थळावर सोळा भागांचं सुरक्षा-पत्रक मिळतं. ते आख्खं वाचायची गरज नाही, चार जागा पुरतात. दुसऱ्या भागात धोक्याची चिन्हं असतात. हातावर आणि धातूवर थेंब पडल्याचं चित्र म्हणजे दाहक, मेलेला मासा आणि झाड म्हणजे जलचरांना घातक. तिसऱ्या भागात घटक आणि त्यांची टक्केवारी असते. नवव्यात पीएच, म्हणजे द्रव किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप, सापडतो. रोजच्या लादीसाठी तो ६ ते ९ च्या दरम्यान असावा. बाराव्यात विघटन आणि माशांवरचा परिणाम दिलेला असतो. एक गोष्ट ध्यानात असू द्या, हे धोके न मिसळलेल्या मूळ द्रवाचे असतात. पत्रकावर डोळ्यांना अपाय असं लिहिलं म्हणून पातळ केलेलं पाणी वाईट ठरत नाही. उलट, जिथे पत्रकच मिळत नाही ती वस्तू घेऊ नका.

यादीत हवी ती नावं अशी: डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, लॉरिल ग्लुकोसाइड. साखर आणि नारळासारख्या तेलांपासून बनणारी ही साबणद्रव्यं त्वचेला सौम्य असतात आणि पाण्यात लवकर विघटित होतात. सोबत सायट्रिक अ‍ॅसिड किंवा सोडियम सायट्रेट असलं तर चांगलंच. शेवटी एखादं परिरक्षक असतं, ते अल्प असतं आणि बुरशी धरू नये म्हणून लागतं. नको ती नावं: 'क्लोराइड'ने संपणारी लांबलचक अमोनियम नावं, 'फिनॉल' किंवा 'क्रेसॉल' असलेलं काहीही, ब्युटॉक्सिइथेनॉल (काच पुसायच्या द्रवांत सापडतं), अमोनिया आणि आताच सांगितलेली तेलं.

'घरीच बनवू का' या प्रश्नाचं उत्तर अर्धं हो आहे. रोजच्या लादीसाठी घरी बनवण्यासारखं फार काही नसतंच. भांडी घासायचा बिनवासाचा सौम्य द्रव साधारण ५ मिली, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ५ लिटर कोमट पाण्यात पुरतो. दुसऱ्या बादलीत साधं पाणी घ्या. खोलीचा चार-पाच हात लांब-रुंद तुकडा साबणाच्या फडक्याने पुसा, फडकं घट्ट पिळलेलं असू द्या, लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने तोच तुकडा पुसा आणि मग पुढे सरका. दुसऱ्या बादलीतलं पाणी गढूळ दिसलं की बदला. लादी पूर्ण वाळेपर्यंत दार लोटून ठेवा. पंखा असेल तर वीसेक मिनिटं पुरतात. वाळल्यावर अंगठा ओला करून लादीवर घासून बघा. बुळबुळीत लागलं तर साबण उरलाय, पुन्हा पाण्याने पुसा. हात चुर्रकन अडला तर झालं.

इथे होणारी चूक बहुतेक एकच असते. एक चमचा पुरत असताना टोपणभर द्रव ओतला जातो. जास्तीचा साबण वाळून चिकट थर बनतो, त्यावर धूळ आणि केस अडकतात, लादी दोन दिवसांत मळकट दिसते, म्हणून पुढच्या वेळी आणखी द्रव पडतो. मोजून ओतल्याने पंजेही वाचतात, गटारात जाणारं रसायनही कमी होतं. चमचा किंवा मापाचं टोपण बाटलीला दोऱ्याने बांधूनच ठेवा.

व्हिनेगर आणि सोडा मात्र एकत्र घालू नका. फेस बघून काहीतरी जोरात चाललंय असं वाटतं, पण होतं ते एवढंच की आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरचा आंबटपणा सुमारे ७ ग्रॅम खायचा सोडा पुरता मारतो. मागे राहतं सोडियम अ‍ॅसिटेट नावाच्या मिठाचं पाणी, आणि ते ना क्षार काढतं ना तेलकटपणा. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत. नळावरच्या आणि काचेवरच्या पांढऱ्या डागांना एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी घ्या, पण संगमरवरावर नको, दगड कायमचा निस्तेज होतो. भांड्याच्या किंवा ओट्याच्या हट्टी थराला खायचा सोडा ओलसर फडक्यावर घेऊन घासा आणि धुऊन टाका. गालिच्यावर सोडा पसरून तो तसाच पडू देऊ नका. कुत्र्याने तो बराच खाल्ला तर अंगात सोडियम वाढतं आणि उलट्या होतात. धुण्याचा सोडा ही वेगळी वस्तू आहे, ती तीव्र अल्क आहे आणि पंजाची कातडी भाजते. बोरॅक्सही 'नैसर्गिक' म्हणून सुचवलं जातं, पण पोटात गेलं तर विषारी आहे; प्राणी जिथे फिरतात तिथे ते नको.

आता गालिचा. कुत्रा अकरा वर्षांचा आहे आणि हे अलीकडेच सुरू झालंय. तेव्हा सफाईच्या आधी त्याची लघवी तपासून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा नुसती सांधेदुखी, यांपैकी काहीही असू शकतं. त्याला रागावू नका.

तुम्ही तिथे ब्लीच टाकलंत, ते पुन्हा करू नका. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो आणि ब्लीच त्याच्याशी मिळून क्लोरामाइन नावाचा डोळे-घसा जाळणारा वायू सोडतं. व्हिनेगरवर ब्लीच पडलं तर क्लोरीन सुटतो. तुमच्या गालिच्यात हे दोन्ही होऊ शकलं असतं. अमोनियाच्या द्रवानेही ती जागा पुसू नका. कुत्र्याच्या नाकाला तो लघवीसारखाच लागतो आणि तो तिथेच परत येतो.

वास जात नाही याचं कारण असं की लघवीतलं पाणी उडतं, पण क्षार आणि प्रथिनं तंतूंच्या तळाशी राहतात. हवा दमट झाली की ती पुन्हा ओल धरतात आणि वास येतो. वर दिसतो त्यापेक्षा खालच्या अस्तरातला डाग बहुधा रुंद असतो. इथे एन्झाइम किंवा जिवंत जिवाणू असलेला द्रव लागतो, यादीत प्रोटिएज, अमायलेज, लायपेज किंवा 'बॅसिलस' असं लिहिलेलं असेल. तो या प्रथिनांचे तुकडे करतो. पण आधीचं ब्लीच आणि व्हिनेगर तिथेच असेल तर तेच एन्झाइमला मारतील. म्हणून दोनदा साधं पाणी ओतून, दाबून, कोरड्या पंच्याने टिपून घ्या. घासू नका, डाग पसरतो. गरम पाणी किंवा वाफेचं यंत्र इथे लावू नका, उष्णतेने प्रथिनं तंतूंना घट्ट धरतात.

मग एन्झाइमचा द्रव डागाच्या चारही बाजूंनी हातभर बाहेरपर्यंत, अस्तरात उतरेल इतका ओता. वरवर फवारलेला द्रव वरच्या केसांतच वाळतो आणि 'हे काही कामाचं नाही' असं म्हणून बाटली फेकली जाते. बाटलीवर दिलेल्या वेळेइतका डाग ओला राहायला हवा. एन्झाइमच्या द्रवाला पाव ते अर्धा तास, जिवाणूंच्या द्रवाला कित्येकदा रात्रभर. वर ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिकचा कागद टाकून जागा झाका. जिवाणूंच्या प्रकारात दुसऱ्या दिवशी वास थोडा वाढल्यासारखा वाटू शकतो, कारण युरिया मोडताना अमोनिया सुटतो. घाबरून त्यावर दुसरं काही ओतू नका. उघडं करून, खालून हवा लागेल असा गालिचा उचलून, पूर्ण वाळू द्या. जुन्या डागाला हे दोनदा करावं लागतं. दाराच्या लाकडी चौकटीत लघवी मुरली असेल तर तोच द्रव ब्रशने लावा, आणि लाकूड नीट कोरडं झाल्यावर पाण्यावर आधारलेलं (वॉटर-बेस्ड) पॉलिश चढवा, म्हणजे पुढचं आत शिरणार नाही. अंधारात अतिनील टॉर्च मारला तर विसरलेले डाग चमकतात. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात एखादा नक्की सापडेल.

मांजरीच्या लिटर ट्रेचं सोपं आहे. घाण रोज काढा, आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून कढत पाण्याने आणि दोन थेंब सौम्य साबणाने धुवा, वाळवा. ब्लीच नको, कारण वरचंच, लघवी आणि ब्लीच. रोज काढण्यामागे आणखी एक कारण आहे: मांजरीच्या विष्ठेत टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी असलाच तर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतो. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करावा. प्लास्टिकवर ओरखडे पडून वास बसला की ट्रे बदला.

जंतुनाशक रोज लागत नाही. निरोगी प्राण्यांच्या घरात साबण आणि पाणी पुरतं. जुलाब, गजकर्ण किंवा कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो (विषाणूमुळे होणारा उलट्या-जुलाबांचा गंभीर आजार) असं काही झालं तर मात्र ते लागतं, आणि तेव्हा सौम्य गोष्टींचा आग्रह धरू नका. 'नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के' म्हणणारी अमोनियम जंतुनाशकं पार्व्होच्या विषाणूला सहसा पुरत नाहीत. आमची पहिली पसंती हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेल्या तयार जंतुनाशकाला, कारण काम झाल्यावर पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतं. मात्र ज्या विषाणूसाठी हवं त्याचं नाव बाटलीवर असलं पाहिजे. ते मिळालं नाही तर ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच ३० मिली, थंड पाणी १ लिटर. आधी विष्ठा काढून जागा साबणाने धुवा आणि साबण पुसून काढा, कारण घाणीत ब्लीच निकामी होतं. मग हे पाणी लावून दहा मिनिटं जागा ओली ठेवा, पुन्हा साध्या पाण्याने पुसा, खिडक्या उघडा. प्राणी तोवर दुसऱ्या खोलीत. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, त्याचा जोर जातो.

कमोडमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या जेलऐवजी रात्री ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाका, झाकण लावा, सकाळी ब्रशने घासा. फ्लशच्या टाकीत सोडायच्या रंगीत गोळ्या काढून टाका. तुमचा कुत्रा तेच पाणी पिणार. प्राण्यांची अंथरुणं बिनवासाच्या पावडरीने धुवा आणि एक जास्तीचं पाणी काढा. कपडे मऊ करणारा द्रव नको. त्यातला मुख्य घटक बेंझाल्कोनियमच्याच कुळातला असतो.

माशांसाठी वेगळी बादली आणि वेगळं फडकं ठेवा, ज्यांना साबण कधीच लागलेला नाही. टाकीची काच बाहेरून फक्त ओल्या फडक्याने पुसा. साबण कल्ल्यांवरचा संरक्षक थर मोडतो, आणि रिठ्यासारख्या 'शुद्ध वनस्पती' साबणातलं सॅपोनिनही माशांना तितकंच घातक आहे. खोलीत काही फवारायचंच असेल तर टाकी झाका आणि तेवढा वेळ हवेचा पंप बंद ठेवा. तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो.

एवढं करूनही एखाद्या दिवशी मांजर सांडलेल्या द्रवात चाललीच, तर पंजे लगेच कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य द्रवाने धुवा, टिपा आणि तिला चाटू देऊ नका. गळ्यात चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर घाला किंवा टॉवेलमध्ये गुंडाळा. द्रव तोंडात गेला असेल तर ओल्या फडक्याने तोंड पुसा, पाणी प्यायला द्या आणि पशुवैद्याला फोन करा. उलटी करवू नका. दाहक द्रव वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतो, आणि पाइन ऑइलसारखं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. पेरॉक्साइड पाजून उलटी करवायची जुनी युक्ती तर मांजरीवर कधीच करू नका.

राहिली ती अर्धी बाटली. बागेत, नाल्यात किंवा तळ्यात ओतू नका, आणि सांडपाणी सेप्टिक टाकीत जात असेल तर मोरीतही नको, तिथले उपयोगी जिवाणू मरतात. घातक घरगुती कचरा घेणारं केंद्र असेल तर मूळ लेबलासह, बूच घट्ट लावून तिथे द्या. तोवर ती उंचावर, दार बंद होणाऱ्या कपाटात ठेवा. आणि तिची रिकामी बाटली नवीन द्रवासाठी वापरू नका. लेबल जुनं आणि आत दुसरंच काही, अशी बाटली घेऊन तुम्ही धावत पशुवैद्याकडे गेलात तर तो चुकीच्याच विषावर उपचार करेल.